बाक नाही, मग लपायचं कशाखाली?

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त शिक्षिकेची उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी हस्ताक्षर, शिकवण्या आणि मोबाइल यांच्या तक्रारी असतात. जूननंतर वीज, पूर, दरड. या खेपेला ती सगळी पत्रं एकत्र घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते : मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये भूगोल आणि विज्ञान शिकवलं. १९९३चा भूकंप औसा तालुक्यात राहून अनुभवला आणि त्यानंतरचं वर्ष पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली. त्यामुळे या विषयात माझी मतं जरा करकरीत आहेत. चालवून घ्या.

प्रश्न : मी तिसरीला शिकवते. प्रशिक्षणात आम्हाला 'झुका, झाका, धरा' शिकवलं. भूकंप आला की मुलांनी बाकाखाली जायचं आणि बाकाचा पाय घट्ट धरायचा. माझी मुलं सतरंजीवर बसतात. वर्गात टेबल एकच, तेही माझं. मग मुलांनी लपायचं कशाखाली?
– एक शिक्षिका, निलंगा तालुका

ताई, त्या टेबलाखाली तुम्ही स्वतःसुद्धा मावणार नाही. आपल्या शाळेतल्या टेबलाला पुढून फळी असते, आत ड्रॉवर, आणि खाली हमखास खडूचे खोके नि फुटका पृथ्वीगोल. प्रशिक्षणात हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायला हवा होतात, पण अशा वेळी सगळे चहाची वाट बघत असतात, मला माहीत आहे.

हा नियम कशासाठी आहे ते मुलांना आधी सांगा. जमीन हलल्यानं माणूस मरत नाही, अंगावर काहीतरी पडल्यानं मरतो. बऱ्या बांधलेल्या सिमेंटच्या खोलीत छत सहसा खाली येत नाही. पंखा, काच, कपाट, प्लास्टर हे खाली येतं. म्हणून डोक्यावर टणक आडोसा हवा. बाक नसेल तर दप्तर आहे. गुडघ्यांवर बसायचं, डोकं गुडघ्यांकडे घालायचं, दप्तर डोक्यावर आणि मानेवर घ्यायचं, दोन्ही हातांनी धरायचं. दप्तर हाताशी नसेल तर ते शोधत फिरायचं नाही, दोन्ही हात मानेमागे गुंफायचे. जागा कुठली? खिडकी आणि कपाट टाळून, आतल्या भिंतीच्या कडेला. हे सगळं तिसरीच्या मुलाला सहज जमतं. शिक्षकांनाच खाली वाकायला लाज वाटते, असा माझा अनुभव आहे. तुम्ही वाकलात तर मुलं वाकतील.

पण तुमची वर्गखोली कशाची आहे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. मोजमापाच्या हिशेबात तो भूकंप ६.२च्या आसपासचा. जगात असे भूकंप दर वर्षी कितीतरी होतात. इथे मात्र सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण घरं. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगड नीट बसवलेले, आतूनही नीट, आणि मधे गोटे नि चिखल कोंबलेला. दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हताच. वर माळवद. लाकडी सरांवर दीड-दोन फूट माती, आणि गळायला लागलं की तिच्यावर आणखी एक थर. उन्हाळ्यात ते माळवद किती गार असायचं! हादरा बसल्यावर भिंतीचे दोन पदर सुटले आणि ती सगळी माती निजलेल्या माणसांवर आली. आधीच्या वर्षभरात किल्लारी परिसरात बारीक हादरे बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. तेव्हाच्या भूकंपनकाशात मात्र आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

म्हणून दोन खोल्यांसाठी दोन नियम. खोली सिमेंट-लोखंडाची असेल, किंवा दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींत सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा असेल, तर आतच थांबायचं, वर सांगितलं तसं. खोली दगड-मातीची, तळमजल्यावर, आणि दार दोन-चार पावलांवर असेल, तर बाहेर मोकळ्यात पळायचं. यातलं आपलं कुठलं, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. आज ठरवा आणि दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा : 'ही खोली : आत थांबा' किंवा 'ही खोली : बाहेर पडा'. शंका असेल तर मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. लेखी म्हणजे लेखी. तोंडी सांगितलेलं कुठल्याच फायलीला लागत नाही.

आता 'बाहेर' म्हणजे कुठे? २६ जानेवारी २००१ला कच्छमध्ये सकाळी पावणेनऊच्या सुमाराला भूकंप झाला. अंजार गावात शाळेची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत होती, म्हणजे आधीच घराबाहेर, उघड्यावर. पण फेरी अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. तिथे आता त्यांचं स्मारक आहे. तेव्हा बाहेर म्हणजे मैदान. गल्ली नव्हे, व्हरांडा नव्हे, आवारभिंतीची कड तर नव्हेच. भिंत जेवढी उंच, निदान तेवढं तिच्यापासून लांब. पाण्याची टाकी आणि विजेच्या ताराही बघा.

तिसरीच्या मुलांसाठी एक खेळ सांगते. प्रत्येकाच्या हातात खडू द्या आणि म्हणा, खोली हलली तर काय काय पडेल, त्यावर फुली मारा. आमच्या मुलांनी पहिली फुली कपाटावर ठेवलेल्या लेझमांच्या पेटीवर मारली होती. ती पेटी वर्षानुवर्षं तिथे होती आणि तिच्या बरोबर खाली पहिलीचा वर्ग बसायचा. दुसरी फुली थोर पुरुषांच्या काचेच्या तसबिरींवर, तिसरी पंख्यावर. एका पोरानं माझ्या टेबलावरच्या पितळी घंटेवरही मारली; तिचं वजन त्याला माहीत होतं. पेटी त्याच दिवशी खाली आली. कपाट लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळलं, त्याला फारसा खर्च येत नाही.

आणि मोजणं शिकवा. हादरा सुरू झाला की सगळ्यांनी मिळून मोठ्यानं साठपर्यंत मोजायचं. जोराचा हादरा बहुधा मिनिटाच्या आत संपतो. पोरं मोजण्यात गुंतली की ओरडत नाहीत, धावत सुटत नाहीत, आणि तुमचा आवाज त्यांना ऐकू येतो. साठ झाल्यावर रांगेनं मैदानात. चपला आणि डबे तिथेच राहू देत. मागून धक्के येत राहतात, म्हणून वस्तू आणायला आत जायचं नाही. हा नियम मोडणारं पहिलं माणूस बहुधा हजेरीपट आणायला धावणारी शिक्षिका असते. हजेरीपट दाराजवळच्या खिळ्याला टांगा.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. मी पायाळू आहे. आजी म्हणते, पायाळू माणसावर वीज पडते. ढग आले की मला ती शेतातून घरी हाकलते, पण माझ्या भावाला शेरडं घेऊन चिंचेखाली थांब म्हणते. आजीचं खरं आहे का?
– एक विद्यार्थी, बीड जिल्हा

बाळा, आजीचा तुझ्यापुरता हुकूम सोळा आणे बरोबर आहे. कारण मात्र चूक. कोण डोक्याकडून जन्मलं नि कोण पायाकडून, हे विजेला कळत नाही. तिला जमिनीकडे यायला जवळची वाट हवी असते, म्हणून उंच टोक सापडतं : झाड, खांब, मोकळ्या रानात उभा असलेला माणूस. आजीला सांग, वीज कडाडायला लागली की घरातल्या सगळ्यांनाच पायाळू समज. भावाला आधी.

चिंचेचं झाड का वाईट, ते नीट समजून घे, म्हणजे आजीशी भांडावं लागणार नाही. झाडावर पडलेली वीज खोडातून खाली येताना शेजारच्या माणसावर उडी घेऊ शकते. उरलेली मुळांपाशी जमिनीत पसरते. झाडाजवळच्या जमिनीत तिचा दाब जास्त, लांब गेलं की कमी. तुझा एक पाय जवळ आणि एक लांब असेल, तर ती एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. जनावरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून एकाच झाडाखाली पाच-सहा शेरडं एकदम दगावल्याच्या बातम्या येतात. त्यासाठीच मोकळ्या रानात अडकलास तर पाय एकमेकांना जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली, हात कानांवर. आडवं पडायचं नाही. दोघे-तिघे असाल तर लांब लांब बसा. पण हा अगदी शेवटचा उपाय. खरा उपाय म्हणजे वेळेवर घर गाठणं.

वेळ कशी ओळखायची? वीज चमकली की मोजायला लाग, गडगडाट ऐकू आला की थांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. नऊ मोजलेस तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तीसच्या आत गडगडाट आला, की काम टाकून घरी. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नकोस. पाऊस थांबला म्हणजे वीज संपली असं नाही. चमक दिसली नाही, नुसता गडगडाट ऐकू आला, तरीही घरीच.

घर पक्कं हवं, किंवा दारं-काचा बंद असलेली जीप, एसटी चालेल. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, मचाण, कडब्याच्या गंजीचा आडोसा हे चालणार नाही. घरात आल्यावर नळाला, चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावू नकोस. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद करायला कुणी धावत असेल तर त्याला अडव. मोटार जळली तर नवी येते.

घरात कुणाकडे स्मार्टफोन असेल तर 'दामिनी' हे ॲप घ्यायला सांग. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं ते तयार केलं आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी दाखवतं. आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, दुपार कलली की जास्त जपायचं. आणि हे वर्गात सगळ्यांना सांग : वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर झटका बसत नाही. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. लोक भीतीनं लांब उभे राहतात आणि मदतीची वेळ निघून जाते. १०८ला फोन करायचा, आणि श्वास थांबला असेल तर शिकलेल्या माणसानं लगेच छाती दाबायला सुरुवात करायची.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. शाळेच्या वाटेवर ओढा आहे, त्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल. 'पुराच्या पाण्यात जाऊ नये' हे वाक्य तिला पाठ आहे, परीक्षेत तिनं ते लिहिलंही. पण परवा मैत्रिणींबरोबर फरशीवरच्या पाण्यातून चालत घरी आली. म्हणते, पूर नव्हता, थोडंसंच पाणी होतं.
– एक वडील, पलूस तालुका

दादा, तिच्या दृष्टीनं ती खोटं बोलत नाही. पूर म्हणजे २०१९चा ऑगस्ट, घराच्या माळ्यापर्यंत पाणी, नावा, हेलिकॉप्टर, असं तिच्या डोक्यात बसलं आहे. त्यापुढे फरशीवरचं पाणी 'थोडंसं'च. 'जाऊ नये' या वाक्यात किती पाण्यात जाऊ नये, ते कुठेच नाही.

मुलांना खूण द्या. फरशीच्या दोन्ही टोकांना खांब असतो किंवा दगड असतो. ग्रामपंचायतीला सांगून त्यावर लाल पट्टा मारून घ्या, फरशीच्या पातळीपासून वीतभर वर. वेगानं वाहणारं वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय सोडवतं. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. मोठ्या माणसाला वीत, तर सहावीतल्या पोरीला त्याहून कमी पुरतं. म्हणून तिच्यासाठी नियम आणखी सोपा : फरशीचा दगड दिसत नसेल तर पाय टाकायचा नाही. पाणी गढूळ असतं, खाली फरशी उरली आहे की खचली आहे, तेही कळत नाही. आणि अलीकडच्या काठावर थांबायचं कुणाकडे, ते घर आजच ठरवून द्या. 'जाऊ नको' म्हटलं आणि 'मग कुठे थांबू' हे सांगितलं नाही, की पोर येणारच. संध्याकाळ होत आलेली असते, भूक लागलेली असते.

मोठ्या वर्गांसाठी तुमच्या भागात आयता धडा आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पावसाळ्यात ते आकडे रोज जाहीर होतात. फळ्याच्या कोपऱ्यात एका मुलानं रोज आकडा लिहायचा, दुसऱ्यानं आलेख पुढे न्यायचा. शेजारी कोयनेच्या विसर्गाचा आकडा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. त्यावरून एक लाख क्युसेकचा हिशेब पोरांना करू द्या. गणिताचा तास वाया जात नाही. घरी जाऊन मुलगी म्हणते, 'बाबा, काल ३१ होता, आज ३६ आहे, आजीचं औषध आणि माझी वह्यांची पिशवी वर ठेवू या.' ८ ऑगस्ट २०१९ला तुमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. बोटीची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही, हे घरातल्या मोठ्यांना पटवायला कधीकधी सहावीतलं पोर आणि तिचा आलेख कामी येतो.

प्रश्न : आमची शाळा डोंगराच्या उतरणीवरच्या वाड्यांमधल्या मुलांची आहे. तळीये इथून लांब नाही. मुलांना दरडीबद्दल शिकवावं की नाही, यावर आमच्या शिक्षकांत दोन तट आहेत. काही म्हणतात, पोरं घाबरतील आणि करू तर काहीच शकणार नाहीत.
– एक मुख्याध्यापक, महाड तालुका

सर, शिकवा. न शिकवण्यात मला कुठली दया दिसत नाही.

माळीण ३० जुलै २०१४ला दरडीखाली गेलं, १५१ माणसं. तळीये २२ जुलै २०२१ला, ऐंशीहून अधिक. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. इर्शाळवाडीचं नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतं. यादी हवीच, पण यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहायचं, हे मुलांना चुकूनही शिकवू नका.

या बाबतीत जपानमधल्या दोन शाळा मला फार महत्त्वाच्या वाटतात. ११ मार्च २०११, भूकंप आणि मागोमाग त्सुनामी. कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागातली प्राथमिक आणि माध्यमिक शाळा धोक्याच्या नकाशात सुरक्षित दाखवली होती. पण तिथल्या मुलांना प्रा. तोशिताका काटादा यांनी काही वर्षं एकच गोष्ट घोकवली होती : नकाशावर विसंबू नका, जमेल तेवढं करा, आणि पळण्यात पहिले व्हा. माध्यमिकची मुलं हादरा थांबताच निघाली. त्यांना धावताना बघून प्राथमिकची निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तर आणखी वर गेली, मग आणखी वर. त्या दिवशी शहरातल्या शाळांमधली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली. दुसरी शाळा इशिनोमाकी शहरातली, ओकावा प्राथमिक. तीही नकाशात सुरक्षित. शाळेमागेच डोंगर. हादरा थांबल्यावर मुलांना मैदानात बसवलं आणि कुठे न्यायचं यावर मोठ्यांची चर्चा चालली, जवळपास पन्नास मिनिटं. १०८ मुलांपैकी ७४ गेली, १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयानं २०१८मध्ये ठपका ठेवला तो मुख्यतः याच गोष्टीवर, की आधी नीट ठरवून ठेवलेलं नव्हतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला.

तुमच्या शिक्षकांच्या दोन्ही तटांपुढे या दोन शाळा ठेवा. मैदानात बसलेल्या त्या मुलांजवळ डोंगर होता. ठरलेलं उत्तर नव्हतं.

मुलांना काय दाखवायचं? वाडीवरून शाळेत येणारी पोरं रोज दोनदा त्या उतारावरून जातात. तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना तो उतार पाठ. त्यांना सांगा : जमिनीला किंवा घराच्या जोत्याला नवी भेग, कालपर्यंत सरळ असलेलं झाड किंवा विजेचा खांब कलणं, दार अचानक चौकटीत अडकायला लागणं, नव्याच जागी पाणी फुटणं, चालता वहाळ एकदम गढूळ होणं किंवा भर पावसात आटणं. यातलं काही दिसलं की शाळेत येऊन सांगायचं. एक वही ठेवा, तारीख, जागा, कुणी पाहिलं. वहीतलं तलाठी, ग्रामपंचायत, तहसील यांना कळवणं हे तुमचं काम; पोरांच्या डोक्यावर ते ओझं नको. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, तातडीला ११२. हे नंबर मुलांनी पाढ्यासारखे म्हणावेत.

सरळ बुडाची बाटली कापून पर्जन्यमापक करा, सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. एका दिवसात किती भरलं की वाडीनं रात्री देवळात किंवा शाळेत झोपायला यायचं, तो आकडा पोरांनी ठरवायचा नाही आणि तुम्हीही नाही. तहसीलदारांकडून, भूवैज्ञानिकांकडून मागून घ्या. तोवर सोपा नियम : दोन दिवस झोड उठली आणि भेग दिसली, तर रात्र वाडीत काढायची नाही. आणि दरड येताना घरघर ऐकू आली तर उताराच्या दिशेनं खाली पळायचं नाही, बाजूला पळायचं. हा एवढा धडा पोरांच्या पायांना ठाऊक हवा. शाळेमागच्या उतारावर लगोरीचा चेंडू घरंगळत सोडा आणि त्याच्या वाटेतून आडवं निसटायला लावा. हसतील, पण शिकतील.

घाबरण्याचं म्हणाल तर तळीये त्यांनी पाहिलेलं आहे. घाबरलेली ती आहेतच.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. पुराचे व्हिडिओ पाहिल्यापासून जोराचा पाऊस आला की रडतो, 'आई तू ऑफिसला जाऊ नको' म्हणतो. काय करू?
– एक आई, मुंबई

आधी ते व्हिडिओ बंद. सहा वर्षांच्या मुलाला हे कुठल्या गावचं, केव्हाचं, कळत नाही. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी तो नवा पूर असतो.

मग त्याला काम द्या. पिशवी त्याच्या हातानं भरून घ्या : टॉर्च, बिस्किटं, पाण्याची बाटली, त्याची आवडती गाडी, तुमचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि त्याला सांगा की पाऊस जोराचा झाला तर आई येईपर्यंत शाळाच त्याला सांभाळेल. आईला उशीर झाला तरी आई येते. मात्र हे सांगायच्या आधी शाळेशी पक्कं ठरवा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कितीतरी मुलं शाळांमध्येच राहिली आणि सुखरूप राहिली. अशा वेळी मूल नेण्यासाठी पाण्यातून धावत सुटू नका. शाळेनं ओळखीच्या माणसाखेरीज कुणाच्या हाती मूल देऊ नये, तुम्ही तीन नावं लिहून द्यावीत. रडणं महिन्याभरात कमी झालं नाही, झोप उडाली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : दर वर्षी आपत्तीची तालीम होते. बॅनर लावतो, मुलं रांगेत बाहेर येतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतो, संपलं. ही तालीम खरी कशी करायची?
– एक शिक्षक, नाशिक जिल्हा

बॅनर लावू नका, इथून सुरुवात. बॅनर दिसला की सगळ्या शाळेला कळतं की आज आहे.

एक तालीम मधल्या सुट्टीत घ्या. मुलं कुठे असतात? नळावर, शौचालयात, खिचडीच्या रांगेत, आवारभिंतीवर चढलेली. वर्गातून रांगेनं बाहेर येणं सगळ्यांना जमतं. मधल्या सुट्टीत आपापलं मैदान गाठणं जमतं का, ते बघा. दुसरी तालीम मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असताना. तेव्हा कळतं, शिट्टी कुठे आहे ते फक्त त्यांनाच माहीत आहे. तिसऱ्या वेळी एका दारापुढे खुर्ची ठेवा आणि म्हणा, हे दार बंद पडलं.

घंटेचा ठोका वेगळा हवा. सुट्टीचीच घंटा वाजवलीत तर पोरं दप्तरं भरायला लागतात. चालता न येणारं मूल असेल तर त्याच्याबरोबर कोण, त्याची दोन नावं ठरलेली असावीत, कारण एक जण त्या दिवशी गैरहजर असतो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना प्रत्येक तालमीत घ्या. गॅसची टाकी बंद करणं हे त्यांचं काम, आणि बहुतेक शाळांत त्यांना कुणी बोलावतच नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६मध्ये शाळांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तालमींवर भर आहे. कागद तुमच्या बाजूनं आहे. वरिष्ठांनी विचारलं तर तो दाखवा.

मैदानात पोचल्यावर डोकी मोजा आणि हजेरीपटाशी ताडून बघा. माझ्या अनुभवात पहिल्या वेळी आकडा कधीच जुळत नाही. न जुळलेली नावं शोधून काढा. कुणी शौचालयात असतं, कुणी ऐकलंच नसतं, कुणी सरळ घरी गेलेलं असतं. त्या दिवशी जी मुलं शाळेतच आलेली नव्हती त्यांची नावं वेगळी लिहा, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यासाठी पुन्हा एकदा घंटा वाजवा. फोटो काढायचाच असेल तर न जुळलेल्या आकड्यांच्या त्या पानाचा काढा.